आधी मोजणारे दुकान : जुन्या डिझेल पिकअपच्या इंधन सोलेनॉइडचा बिघाड आणि एका ऑटो इलेक्ट्रिक सेवेचे परीक्षण

मुंबई–गोवा महामार्गालगत, रत्नागिरी जिल्ह्यात, जुन्या डिझेल गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे एक ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान आहे. आमची आंब्याच्या पेट्या वाहणारी जुनी पिकअप गरम झाल्यावर सुरू होत नसे, आणि हा बिघाड गेल्या हंगामात याच दुकानात सापडला व दुरुस्त झाला. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण ‘हंगामात आधीच गाड्या उभ्या करायला जागा नसते, नाव कुठे लिहू नका’ असे मालकांनी स्वतःच सांगितले. नावावाचूनही हे परीक्षण उपयोगी पडावे, कारण लिहिण्यासारखी गोष्ट त्या दुकानाच्या पाटीत नसून त्याच्या पद्धतीत आहे : तेथे सुटा भाग बदलण्याआधी मोजमाप होते, आणि त्या मोजमापाचे पैसे उघडपणे वेगळे घेतले जातात.

बिघाडाचे स्वरूप आधी नीट सांगतो. गाडी सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होई. दोन तास चालून, माल भरण्यासाठी बंद केली की मग मात्र सेल्फ जोरात फिरे आणि इंजिन काही केल्या पकडत नसे. अर्धा-पाऊण तास थांबले की काहीच झाले नव्हते अशा थाटात पुन्हा सुरू. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावली की लगेच सुरू होई, पण उतारावर ढकलून गिअरमध्ये टाकली तर होत नसे. खराब रस्त्यावर मधूनच एखादा आचका बसे आणि इंजिन पुन्हा पकडे. केबल लावल्यावर सुरू होते म्हणजे बॅटरी गेली, असे निदान आधी झाले होते आणि नवी बॅटरी बसली होती. त्याने काही फरक पडला नाही. त्यानंतर मिळालेला सल्ला ‘पंप-नोझल उतरवा’, म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल सोडणारे भाग काढून तपासा, असा होता. जुन्या डिझेल गाडीच्या मालकाला या तीन शब्दांची किंमत सांगावी लागत नाही : पंप उतरवायचा, पंपाचे काम करणाऱ्याकडे कॅलिब्रेशनला पाठवायचा, तो येईपर्यंत गाडी उभी, आणि ती उभी राहण्याचा काळ नेमका एप्रिल-मे, जेव्हा संध्याकाळी भरलेल्या पेट्या पहाटे वाशीच्या बाजारात पोहोचाव्या लागतात.

दुकानात शिरल्यावर पहिली चांगली गोष्ट अशी घडली, की कोणी बॉनेट उघडले नाही. मुख्य वायरमन वयाने साठीकडे झुकलेले आहेत आणि सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी प्रश्न विचारले : सेल्फ फिरतो तेव्हा त्याचा आवाज मंदावतो का, चावी सोडताना इंजिन पकडते का, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का, गाडीत मागाहून काय काय बसवले आहे. यांतला प्रत्येक प्रश्न एक शक्यता कमी करणारा होता. न पकडणाऱ्या डिझेल इंजिनातून सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही. धूर अजिबात नसेल तर बहुतेक वेळा डिझेलच जात नाही. चावी ‘स्टार्ट’ वरून मागे सोडताना इंजिन पकडत असेल, तर चावीच्या स्विचमधील ‘स्टार्ट’च्या वेळी चालू राहायला हवा असलेला संपर्क झिजला आहे असे समजावे. आमच्या गाडीत धूर येत नव्हता आणि चावी सोडतानाही इंजिन पकडत नव्हते. ‘दादा, गाडी थंड आहे, आत्ता बघून काही कळणार नाही, घाट चढवून, गरम करून आणा,’ असे सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवले. बिघाड ज्या अवस्थेत होतो त्या अवस्थेतच तो तपासायचा, हा नियम कागदावर सगळ्यांना मान्य असतो. दारात आलेले गिऱ्हाईक त्यासाठी परत पाठवणारे दुकान मी तरी हे पहिलेच पाहिले.

पुढचे समजण्यासाठी या गाडीतला पंप कसा चालतो हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. बॉशच्या ‘व्हीई’ धर्तीच्या यांत्रिक डिस्ट्रिब्युटर पंपात डिझेलचे प्रमाण आणि दाब हे सगळे यंत्राच्या जोरावर ठरते. तेथे विजेचे महत्त्वाचे काम एकच, ते म्हणजे इंधन चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडचे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे ते थांबवायचे तर डिझेलच तोडावे लागते. चावी ‘ऑन’ केली की सोलेनॉइडच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, आतला दट्ट्या ओढला जातो आणि डिझेलला उच्च दाबाच्या कक्षाकडे जाण्याची वाट मोकळी होते. चावी बंद केली की स्प्रिंग दट्ट्याला परत ढकलते आणि वाट बुजते. म्हणजे हा दट्ट्या ओढला गेला नाही तर पंप शंभर टक्के निरोगी असूनही इंजिनाला थेंबभर डिझेल मिळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही अवस्था आणि खरोखर बिघडलेला पंप सारखेच दिसतात, आणि ‘पंप-नोझल उतरवा’ हा सल्ला येतो तो येथूनच.

गाडी गरम करून आणल्यावर तपासणी सुरू झाली, आणि मला या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटला तो हाच. आधी इंधनाची बाजू बाजूला काढली. फिल्टरच्या तळातून पाणी निघते का पाहिले, हातपंप मारून तो घट्ट होतो का पाहिले, आणि फिल्टर ते पंप या नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी जोडून तिच्यात बुडबुडे दिसतात का हे तपासले. ओढणाऱ्या बाजूने हवा शिरत असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, त्यामुळे ती गळती डोळ्यांना दिसत नाही. पारदर्शक नळी हा तिला पकडण्याचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. बुडबुडे नव्हते. मग चावी ‘ऑन’-‘ऑफ’ करत सोलेनॉइडवर बोट ठेवून ‘टक्’ असा झटका लागतो का ते पाहिले. थंड गाडीत हा झटका स्पष्ट होता असे मी काकांना आधीच सांगितले होते. गरम गाडीत तो लागलाच नाही.

येथपर्यंत कोणताही जाणता वायरमन येईल. पुढच्या पायरीवर मात्र बहुतेक जण सोलेनॉइडची वायर काढून तिच्या टोकाला मीटर लावतात, मीटर १२.४ व्होल्ट दाखवतो, ‘करंट बरोबर येतोय’ असे म्हणून सोलेनॉइड बाद ठरवला जातो आणि नवा बसवला जातो. नवा बसवेपर्यंत इंजिन थंड झालेले असते, त्यामुळे गाडी सुरू होते, पैसे दिले-घेतले जातात आणि बिघाड पुढच्या घाटात पुन्हा भेटतो. काकांनीही वायर काढून मोजले, पण ते केवळ आम्हाला दाखवण्यासाठी : मीटरवर खरोखरच १२.४ आले. मग त्यांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी जोडलेला, आधी थेट बॅटरीवर पेटवून दाखवला आणि नंतर सोलेनॉइडच्या त्या सुट्या वायरीवर लावला. बल्ब लालसर, मलूल पेटला.

यामागचे कारण साधे आहे. डिजिटल मीटरचा आतला रोध इतका प्रचंड असतो की तो जवळजवळ प्रवाह घेतच नाही. वायरीतला एकच तार शाबूत असला, जोडावर गंजाचा थर असला, तरी मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपियर घेतो, म्हणजे सोलेनॉइडइतका किंवा थोडा जास्तच भार तो वाटेवर टाकतो, आणि भार पडला की वाटेतला अडथळा उघडा पडतो. एलईडीचा टेस्टर येथे कामाचा नाही, कारण तोही नगण्य प्रवाहावर उजळतो; बीप वाजवणारी सातत्याची चाचणीही त्याच कारणाने फसवी. हा बल्ब कॉमन रेलच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या गाडीत, जेथे ईसीयू (इंजिनाचा संगणक) सेन्सरांना आणि इंजेक्टरांना जोडलेला असतो तेथे, कुठेही खुपसायचा नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले, कारण एवढा प्रवाह ओढल्याने ईसीयूचे आउटपुट जळू शकते.

त्यानंतर वायर पुन्हा सोलेनॉइडला जोडून, चावी ‘ऑन’ ठेवून, भार चालू असतानाच, बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंत टप्प्याटप्प्याने व्होल्टेज कुठे गळते याचे मोजमाप झाले आणि प्रत्येक आकडा एका मुलाने वहीत लिहून घेतला. बॅटरीच्या धन टोकापासून चावीच्या स्विचच्या प्रवेशापर्यंत ०.३ व्होल्ट, स्विचच्या आत ०.६, स्विचपासून डॅशबोर्डखाली बसवलेल्या चोर स्विचच्या पलीकडच्या टोकापर्यंत तब्बल १.३, तेथून फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरच्या) कपलरमधून सोलेनॉइडच्या टोकापर्यंत ०.१, आणि इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, म्हणजे अर्थच्या बाजूला, ०.२. एकूण अडीच व्होल्ट वाटेतच संपत होते आणि १२.४ पैकी सोलेनॉइडला ९.९ मिळत होते. अशा एका परिपथात एकूण गळती अर्ध्या व्होल्टच्या आत असावी, असा या धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा आहे.

चोर स्विच हा प्रकार जुन्या पिकअपच्या मालकांना परिचित आहे. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून सोलेनॉइडच्या वायरीत एक गुप्त स्विच टाकतात आणि तो सीटखाली किंवा डॅशबोर्डखाली लपवतात. कल्पना वाईट नाही. आमच्या गाडीतला हा स्विच आधीच्या मालकाच्या काळातला होता, घरातल्या दिव्याला लावतात तसल्या जातीचा, आणि त्याला जोडलेल्या वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली होती. किनारपट्टीच्या खारट, दमट हवेत अशा जोडाचे काय होते हे टेप सोडल्यावर दिसले : टेपचा चिकटा वितळून ओघळला होता, तांब्यावर हिरवट थर चढला होता आणि बऱ्याच तारा बोट लावताच तुटल्या. खड्ड्यांत बसणारे आचकेही याच जोडाचे होते.

आता उरतो तो मूळ प्रश्न, की हा अडथळा थंड गाडीतही असताना गाडी सकाळी का सुरू होत होती. काकांनी ‘गरम झाला की कॉइल आळसावतो’ एवढेच सांगितले. ते बरोबर आहे, पण आकड्यांत मांडले की जास्त पटते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. थंड असताना ८ ओहम असलेले वेटोळे ६० अंशांनी तापले की १० ओहमच्या आसपास जाते. हिशेब सोपा करण्यासाठी वाटेतला अडथळा अडीच ओहमचा धरू. थंड गाडीत १२.४ व्होल्टला एकूण रोध साडेदहा ओहम, म्हणजे सुमारे १.१८ अँपियर. गरम गाडीत साडेबारा ओहम, म्हणजे एक अँपियरहूनही किंचित कमी. अडथळा नसता तर गरम गाडीतही १.२४ अँपियर मिळाले असते, म्हणजे आजारी वायरिंगच्या थंड गाडीपेक्षा जास्त. दट्ट्याला ओढणारी शक्ती प्रवाहावर अवलंबून असते, आणि आमच्या सोलेनॉइडची मर्यादा आजारी वायरिंगच्या थंड आणि गरम गाडीच्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी होती. दुसऱ्या चालू गाडीची केबल लावली की व्होल्टेज १४ च्या जवळ जाते आणि तेच साडेबारा ओहम असूनही प्रवाह १.१२ पर्यंत चढतो. म्हणून केबल लावताच गाडी सुरू होई आणि दोष निष्पाप बॅटरीवर जाई. ढकलून सुरू न होण्याचे कारणही हेच : ढकलल्याने इंजिन फिरते, सोलेनॉइडच्या वाट्याचे व्होल्ट वाढत नाहीत. आणि एकदा दट्ट्या ओढला गेला की चुंबकातले अंतर मिटते, त्याला धरून ठेवायला ओढण्यापेक्षा कमी प्रवाह पुरतो, म्हणून चालती गाडी या आजाराने सहसा बंद पडत नाही. इतक्या सगळ्या परस्परविरोधी वाटणाऱ्या लक्षणांचा उलगडा एका पिळलेल्या जोडाने व्हावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

दुरुस्ती त्या मानाने थोडी होती. बॅटरीचे ऋण टोक आधी काढले गेले. डॅशबोर्डखाली हात घालण्यापूर्वी हे करण्याची शिस्त सर्व दुकानांत नसते. चोर स्विच ठेवायचा की काढायचा हे विचारण्यात आले. आम्ही ठेवायला सांगितल्यावर धूळ-पाण्यापासून बंदिस्त असलेला, डीसी वापरासाठीचा टॉगल स्विच आला आणि त्याच्या वायरींना थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे टोक) दाबून वर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवली गेली. चावीच्या स्विचचा मागचा संपर्काचा भाग बदलला. इंजिनाची अर्थ पट्टी काढून, बॉडीवरचा रंग आणि गंज घासून, पुन्हा घट्ट केली. सोलेनॉइड मात्र तोच राहिला. ‘चांगला आहे, कशाला बदलता,’ या वाक्याने दुकानाची एक विक्री बुडाली, आणि माझ्या दृष्टीने त्या वाक्याची किंमत तपासणीच्या शुल्कापेक्षा जास्त आहे. दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा गरम करून तेच सर्व टप्पे मोजले गेले. एकूण गळती ०.४ व्होल्टवर आली होती आणि सोलेनॉइडला १२ व्होल्ट मिळत होते. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिहिलेला वहीचा कागद आम्हाला मिळाला, जुने भाग पिशवीत बांधून मिळाले.

दुकानाने एक पर्याय सुचवला होता, त्याबद्दल माझे मत वेगळे आहे. बॅटरीवरून फ्यूज लावून थेट वायर आणायची, तिच्यात रिले (विजेने चालणारा स्विच) बसवायचा आणि जुन्या चावीच्या वायरीने फक्त रिले ओढायचा, म्हणजे चावीच्या स्विचवर भारच राहणार नाही, असा तो पर्याय. हेडलाइट, हॉर्न किंवा पेट्रोल गाडीच्या टाकीतला विजेचा पंप अशा चार-पाच अँपियर आणि त्याहून अधिक भारांसाठी रिले योग्यच आहे. एका अँपियरच्या सोलेनॉइडसाठी मात्र रिले म्हणजे रस्त्यात बिघडू शकणारा आणखी एक भाग; वायर आणि जोड निरोगी असतील तर त्याची गरज नाही. दुकानाने आग्रह धरला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. शिवाय रिलेचा पर्याय सुचवताना फ्यूज त्यात गृहीत धरला होता. महामार्गावर सर्रास केला जाणारा ‘डायरेक्ट’चा इलाज, म्हणजे बॅटरीच्या धन टोकावरून सोलेनॉइडपर्यंत फ्यूजविना ओढलेली वायर, ते करतच नाहीत. अशी वायर इंजिनाच्या गरम भागाला घासून तिचे आवरण गेले की तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाला अडवणारे काहीच नसते, आणि शेजारून डिझेलच्या नळ्या गेलेल्या असतात. त्यात चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, हा दुसरा धोका. अडचणीत सापडलेला चालक दहा अँपियरचा लाल फ्यूज मधे टाकून तात्पुरती अशी वायर जोडून घरी पोहोचला तर त्याला दोष देता येणार नाही; पण पैसे घेऊन काम करणाऱ्याने ती कायमची जोडून द्यावी हे अक्षम्य आहे.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. सोलेनॉइडच्या टोकाजवळचा एक जोड डाख देऊन केला गेला. डाख तारांमध्ये शिरून त्या जागी वायर कडक होते, आणि इंजिनाच्या सततच्या कंपनाने ती कडक भाग संपतो तेथेच तुटण्याचा संभव असतो. तेथेही थिंबलच दाबायला हवे होते, किंवा निदान जोडापलीकडे वायर क्लिपने बांधायला हवी होती. मी विचारल्यावर क्लिप लावून मिळाली, विचारावे लागले. नव्या सर्व वायरी एकाच लाल रंगाच्या वापरल्या गेल्या. मूळ वायरिंगमध्ये रंगांची भाषा असते आणि पुढचा वायरमन तिच्यावर विसंबून काम करतो; दोन ठिकाणी वेगवेगळ्या कामाच्या लाल वायरी दिसल्या तर त्याचा वेळ आणि मालकाचे पैसे वाया जाणार. किमान टोकांना चिठ्ठ्या तरी लावायला हव्या होत्या. बिलावर स्विचची कंपनी वा हमीचा काळ लिहिलेला नव्हता. ‘काही झाले तर या’ हे तोंडी आश्वासन तेवढे मिळाले. त्या माणसांच्या शब्दावर माझा विश्वास बसतो, पण दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या गिऱ्हाइकाने कशावर विसंबायचे?

थांबावे लागण्याबद्दल वेगळे लिहायला नको. हंगामात गाड्यांची रांग असते, बसायला एक बाक आहे, सावली फणसाच्या झाडाची, आणि पिण्याचे पाणी मागितले तर मिळते. इंजिन पुरेसे गरम असताना मोजायचे या त्यांच्या आग्रहामुळे रांगेतला क्रम हुकण्याची शक्यताही असते. गरम गाड्यांना आधी घेण्याची काही सोय त्यांनी केली तर बरे होईल.

कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, हे स्पष्ट करणे गरजेचे वाटते. यांत्रिक पंपाची जुनी डिझेल पिकअप, जीप, टेम्पो, ट्रॅक्टर यांच्यासाठी ही सेवा उत्तम आहे. धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि त्या पिढीच्या डिझेल गाड्यांत इंधनाचा सगळा कारभार ईसीयूच्या हाती आहे. त्यांच्यासाठी लागणारा स्कॅनर या दुकानात नाही आणि ते तसे सरळ सांगून गाडी परत पाठवतात. पेट्रोल गाड्यांचे कामही ते अर्धेच घेतात. तेथे टाकीत विजेचा पंप असतो, तो सोलेनॉइडच्या कित्येक पट प्रवाह घेतो, त्यामुळे तोच दोष तेथे अधिक नुकसान करतो : पंप सहा अँपियर घेत असेल तर वाटेतला अर्ध्या ओहमचाही अडथळा तीन व्होल्ट खातो, पंप फिरतो पण दाब पुरत नाही. तेथे व्होल्टमापनाला इंधनदाबाच्या गेजची जोड द्यावी लागते आणि ते गेज दुकानात नाही. टाकीजवळ पेट्रोलची वाफ असताना बल्ब लावून ठिणगी उडवण्याचा धोका ते पत्करत नाहीत, हे मात्र योग्यच. परदेशात जुन्या पेट्रोल पिकअपची हौस असलेल्या मराठी वाचकांसाठी एवढे जोडतो, की फोर्डच्या १९९० च्या दशकातील एफ-१५० सारख्या गाड्यांत टकरीच्या धक्क्याने पंपाची वीज तोडणारा इनर्शिया स्विचही याच वाटेत बसलेला असतो. चोर स्विचसारखाच तोही एक जोड आहे, आणि त्याच्या दोन्ही टोकांमध्ये भार चालू असताना किती व्होल्ट गळतात हे मोजल्याखेरीज टाकी उतरवू नये.

खर्चाचे सांगायचे तर तपासणीचे ५०० रुपये वेगळे लागले आणि दुरुस्ती करून घेतली तरी ते बिलातून वजा झाले नाहीत. रांगेतल्या एका गिऱ्हाइकाने यावर कुरकुर केली, ‘काय बदललं नाही तरी पैसे?’ अशी. मला ही पद्धत पटते. तपासणी फुकट असेल तर दुकानाला आपली कमाई सुट्या भागांतूनच काढावी लागते, आणि मग चांगला सोलेनॉइड वाईट ठरण्याची वाट मोकळी होते. स्विच, संपर्काचा भाग, वायर, थिंबल आणि मजुरी धरून एकूण बिल पंप उतरवण्यासाठी इतरत्र सांगितलेल्या रकमेच्या जवळपासही गेले नाही.

जाणाऱ्यांनी गाडीत मागाहून काय बसवले आहे याची यादी सोबत न्यावी : टेप, ट्रॅकर, जादा दिवे, रिव्हर्स हॉर्न, चोर स्विच, सगळे. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत गेल्यास रांग नसते. पाऊस संपल्यावर अर्थ पट्टी आणि फायरवॉलवरचा कपलर उघडून पाहण्यासाठी गाडी पुन्हा आणा, असे त्यांनी आम्हाला सांगितले आहे. त्या तपासणीचे शुल्क वेगळे पडेल, हेही तेव्हाच सांगितले.